पडत्या भावाची ओढ

उतारवयातील पुंजी, घसरणारा शेअर आणि आपले आरोग्य

मंडईत संध्याकाळी भाव उतरतात, हे आपल्या घरोघरी ठाऊक असलेले शहाणपण. सकाळी ऐंशी रुपये किलो असलेली वांगी दिवेलागणीला पन्नासांवर आली, की जाणती गृहिणी किलोभर अधिक घेते. देठ हिरवा आहे ना, वांगे दाबून घट्ट लागते ना, एवढे ती पाहते. भाव उतरला तरी वांगे तेच आहे, हे तिला हाताने कळते. म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरतो.

हेच शहाणपण आपण शेअर बाजारात नेतो आणि तेथे ते उलटते. चारशे रुपयांचा शेअर दोनशेवर आला, की मन म्हणते, ‘निम्म्या किमतीत मिळतोय.’ शंभरावर आला, की ‘आता तर मातीमोल.’ परंतु येथे देठ पाहता येत नाही आणि दाबूनही पाहता येत नाही. कंपनीच्या आत काय चालले आहे, हे सामान्य गुंतवणूकदाराला सर्वांत शेवटी कळते. अनेकदा भाव उतरणे हीच आतल्या बिघाडाची पहिली बातमी असते, आणि आपण नेमकी तीच बातमी ‘संधी’ म्हणून वाचतो.

आरोग्याच्या पाक्षिकात शेअरचा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. निवृत्तीनंतरची पुंजी ही औषधांची, शस्त्रक्रियेची, मदतनीस बाईच्या पगाराची आणि स्वाभिमानाची तरतूद असते. ती घटली की रक्तदाब वाढतो, झोप उडते, घरातला संवाद तुटतो. शिवाय गेल्या काही वर्षांत हा बाजार आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. मार्च २०२४ पर्यंत ती पंधरा कोटींच्या पुढे गेली. त्या नव्या खातेदारांत तरुण अधिक असले, तरी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेले, वेळ मोकळा असलेले आणि मुलाने मोबाइलवर अ‍ॅप उतरवून दिलेले ज्येष्ठही आहेत.

एका बँकेच्या शेअरची घसरण

हा मोह कसा काम करतो, हे समजण्यासाठी अलीकडच्या काळातील एक सर्वज्ञात उदाहरण पाहू. मुंबईत मुख्यालय असलेल्या येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा कार्यकाळ जानेवारी २०१९ अखेरपर्यंतच मर्यादित केला. २१ सप्टेंबर २०१८ या एकाच दिवशी शेअर जवळजवळ तीस टक्क्यांनी कोसळला. त्याच महिन्यात बँकेच्या प्रवर्तकांनी जाहीरपणे सांगितले, की आपले शेअर हिऱ्यांसारखे आहेत आणि त्यांतला एकही विकला जाऊ नये अशी आपली इच्छा आहे. सामान्य गुंतवणूकदाराला यापेक्षा मोठा दिलासा कोणता? प्रत्यक्षात २०१९ संपेपर्यंत त्यांच्याकडे नावापुरतेच शेअर उरले होते.

जानेवारी ते मार्च २०१९ या तिमाहीत बँकेने आपल्या इतिहासातला पहिला तिमाही तोटा जाहीर केला; तो सुमारे पंधराशे कोटी रुपयांचा होता. शेअर पुन्हा एका दिवसात तीस टक्क्यांच्या आसपास घसरला. मोठ्या वित्तसंस्था बाहेर पडत होत्या. त्यांनी विकलेले शेअर घेत कोण होते? लहान गुंतवणूकदार. २०१८ च्या उत्तरार्धात दहा टक्क्यांच्या आसपास असलेला त्यांचा वाटा डिसेंबर २०१९ अखेर निम्म्याच्या जवळ पोहोचला. भाव जसजसा उतरत गेला, तसतशी घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले. दुसऱ्या दिवशी शेअर काही काळ साडेपाच रुपयांपर्यंत खाली गेला. पुढे स्टेट बँकेच्या नेतृत्वाखाली अन्य बँकांनी भांडवल ओतले आणि येस बँक वाचली. मात्र पुनर्रचनेच्या योजनेनुसार, ज्यांच्याकडे शंभरांहून अधिक शेअर होते त्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवण्यात आले. मार्च २०२३ मध्ये ते मोकळे झाले, तेव्हा भाव पंधरा रुपयांच्या आसपास होता. पंचाहत्तरीच्या माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

भरून काढण्याचे गणित

पडत्या शेअरमध्ये पुन्हा पैसे घालण्याला बोलीभाषेत ‘अ‍ॅव्हरेज करणे’ म्हणतात. नाव निरुपद्रवी आहे. गणित तसे नाही.

समजा, आपण २०० रुपये भावाने १०० शेअर घेतले. खर्च वीस हजार. भाव १०० झाला. आपण आणखी वीस हजारांचे २०० शेअर घेतले. भाव ५० झाला. पुन्हा वीस हजारांचे ४०० शेअर घेतले. आता आपल्याकडे ७०० शेअर आहेत आणि सरासरी खरेदीभाव सुमारे ८६ रुपयांवर आला आहे. ‘दोनशेची वाट पाहायला नको, शहाऐंशी झाला तरी सुटलो,’ असे वाटून मनाला हलके वाटते. पण पन्नासाचे शहाऐंशी व्हायला शेअर सत्तर टक्क्यांहून अधिक वाढावा लागतो, आणि ज्या कारणाने तो उतरला ते कारण तसेच आहे. भाव १५ रुपये झाला, तर साठ हजारांचे साडेदहा हजार उरतात. नुकसान साडेएकोणपन्नास हजार. पहिल्याच खरेदीवर थांबलो असतो, तर नुकसान साडेअठरा हजारांचे असते.

येथे लक्षात ठेवण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. शेअर पन्नास टक्के पडला, तर मूळ भावाला येण्यासाठी तो शंभर टक्के वाढावा लागतो. ऐंशी टक्के पडला, तर चारशे टक्के. आणि ‘ऐंशी टक्के तर पडलाच आहे, आता आणखी किती पडणार?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. शंभराचा वीस झालेला शेअर पुढे दहा झाला, तर वीसला घेणाऱ्याचे निम्मे पैसे गेलेले असतात.

सरासरी कमी करणे हे वेदनाशामक गोळीसारखे आहे. दुखणे तात्पुरते थांबते. मात्र दाढ किडलेलीच असते आणि दंतवैद्याकडे जाणे लांबत जाते.

मन असे का वागते?

यात मूर्खपणा नाही. मानवी मनाची घडणच अशी आहे. डॅनिएल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त असे सांगतो, की लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख मनाला कितीतरी अधिक बोचते. त्यामुळे हानी पत्करण्याची वेळ आली, की एरवी सावध असलेला माणूसही ती टाळण्यासाठी मोठा धोका पत्करतो. काहनमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेरन्स ओडीन या अमेरिकी अभ्यासकाने एका दलाली पेढीतील दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोक नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात, असे त्यांना आढळले. पुढच्या वर्षभरात विकलेल्या शेअरांनी धरून ठेवलेल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के अधिक परतावा दिला. म्हणजे बागेतली फुलझाडे उपटायची आणि तणाला पाणी घालायचे, असा हा व्यवहार.

उतारवयात या सर्वसाधारण स्वभावाला आणखी काही गोष्टी येऊन मिळतात. आयुष्यभर काटकसर करून जमवलेला एकेक रुपया ओळखीचा असतो. त्याचा तोटा हा केवळ आकडा वाटत नाही. नोकरीत असताना आपल्या शब्दाला मान होता, आता घरात आपला सल्ला कोणी विचारत नाही, ही सल असते. शेअरमधला नफा तो मान परत मिळवून देईल असे वाटते. नातवंडांसाठी काहीतरी मागे ठेवण्याची इच्छा असते. आणि बँक म्हटली की तिच्यावर विश्वास ठेवायचा, ही आपल्या पिढीची सवय असते. या सर्व भावना निर्मळ आहेत. पण खरेदीचा निर्णय त्यांच्या आधारावर घेता येत नाही. आपण कोणत्या भावाला घेतला, हे शेअरला ठाऊक नसते. आपल्या खरेदीभावाला परत येण्याचे त्याच्यावर कोणतेही बंधन नसते.

बाजार पडणे वेगळे, कंपनी पडणे वेगळे

‘बाजार पडला की घ्यावे’ हा सल्ला आपण ऐकलेला असतो, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. २३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या भीतीने सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने आपला जुना उच्चांक ओलांडला. घाबरून न विकणाऱ्यांचे त्यात भले झाले.

परंतु निर्देशांक आणि एखादी कंपनी यांत मोठा फरक आहे. निर्देशांकातून दुबळ्या कंपन्या काढल्या जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. मार्च २०२० मध्येच येस बँक निफ्टीच्या पन्नास कंपन्यांतून वगळली गेली. निर्देशांक सावरला, तिचा शेअर मात्र चारशेच्या जवळपासही पुन्हा गेला नाही. गावातले वटवृक्ष शंभर वर्षे उभे असतात म्हणून आपल्या अंगणात कलंडलेले झाड सरळ होईल, असे मानता येत नाही.

एकाच बँकेत तीन रांगा

या प्रकरणातून ज्येष्ठांनी घ्यावा असा सर्वांत मोलाचा धडा वेगळाच आहे. ‘माझे पैसे त्या बँकेत आहेत’ या एका वाक्याचे तीन निरनिराळे अर्थ होतात.

पहिली रांग ठेवीदारांची. निर्बंधांच्या काळात त्यांना पन्नास हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येत होती; वैद्यकीय उपचारांसारख्या निकडीच्या कारणासाठी पाच लाखांपर्यंत सवलत होती. १८ मार्च २०२० च्या संध्याकाळी निर्बंध उठले आणि ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले. शिवाय ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवींना व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे.

दुसरी रांग रोखेधारकांची. बँकेने काढलेले ‘एटी-१’ नावाचे, अधिक व्याजाचे पण अधिक जोखमीचे सुमारे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे पुनर्रचनेच्या वेळी शून्यावर आणण्यात आले. तो वाद पुढे न्यायालयात गेला. हे रोखे तेराशेहून अधिक व्यक्तिगत गुंतवणूकदारांनाही विकले गेले होते. ते मुदत ठेवीसारखेच, किंबहुना त्याहून सरस असल्याचे भासवले गेले, असे सेबीने एप्रिल २०२१ च्या आदेशात म्हटले आणि बँकेला पंचवीस कोटींचा दंड ठोठावला. बँकेने त्याविरुद्ध दाद मागितली. त्या आदेशात नोंदवलेली एक बाब मन विषण्ण करते. २७७ ग्राहकांनी आपल्या मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडून या रोख्यांत पैसे घातले होते.

तिसरी रांग भागधारकांची. त्यांचे काय झाले, ते आपण वर पाहिले. भागधारक हा संस्थेचा मालक असतो. म्हणून भरभराटीत त्याला सर्वाधिक मिळते आणि संकटात सर्वांत शेवटी, अनेकदा काहीच उरत नाही.

तेव्हा कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी एकच विचारावे: ‘मी यात ठेवीदार आहे, रोखेधारक आहे, की भागधारक?’ समोरच्याने सरळ उत्तर दिले नाही, तर सही करू नये.

काळजीचे शरीरावर उमटणारे ओरखडे

पैशाची चिंता केवळ मनात राहत नाही. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या सुमारे तीन दशकांच्या नोंदी तपासून जोसेफ एंजेलबर्ग आणि क्रिस्टोफर पार्सन्स यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की शेअर बाजार मोठ्या प्रमाणात घसरतो त्या दिवशी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढते. विशेषतः चिंता आणि भयाचे झटके यांसारख्या मानसिक त्रासांसाठी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एक्कावन्न ते एकसष्ट या वयातील आठ हजारांहून अधिक व्यक्तींचा वीस वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांनी दोन वर्षांच्या आत आपली तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक संपत्ती गमावली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक आढळले. याचा अर्थ पैसा गेला की जीव जातोच, असा मुळीच नाही. मात्र संपत्तीला बसलेला मोठा धक्का प्रकृतीनेही गांभीर्याने घेण्याजोगा असतो, इतके त्यातून निश्चित कळते.

आपल्या घरात हे कसे दिसते? बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. त्या वेळेत दूरदर्शन संचासमोरून उठायचे नाही, असे ठरले की सकाळचे फिरणे सुटते, दुपारचे जेवण अडीच-तीनवर जाते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेऊन जेवण लांबवले, तर रक्तातील साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही लक्षणे ‘भाव पडल्यामुळे घाबरलो’ अशी समजूत करून दुर्लक्षिली जातात. रात्री दोनला जाग येऊन मोबाइल पाहिला जातो. काही जण तोटा भरून काढण्यासाठी औषधे दिवसाआड घेऊ लागतात, चष्मा बदलणे पुढे ढकलतात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणतात. यांतले काहीही घडत असेल, तर डॉक्टरांना आर्थिक तणावाबद्दल मोकळेपणाने सांगावे. ती लपवण्याची गोष्ट नाही. उपचाराला उपयोगी पडणारी माहिती आहे.

निर्णयामागे आजार तर नाही?

हा भाग विशेषतः काळजीवाहू कुटुंबीयांसाठी. आयुष्यभर हिशेबात चोख असलेल्या व्यक्तीचे पैशाचे व्यवहार अचानक विस्कळीत होऊ लागले, तर तो केवळ हट्ट नसेल. अमेरिकेतील मोठ्या लोकसंख्येच्या नोंदींवर आधारित, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, त्यांच्यात बिले चुकण्याचे प्रमाण निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच वाढू लागले होते.

एकदा चुकीचा शेअर घेणे हे आजाराचे लक्षण नव्हे. तसे असते, तर निम्मा बाजार रुग्ण ठरला असता. पण तीच खरेदी दोनदा केल्याचे विसरणे, विजेचे बिल राहणे किंवा पुन्हा भरणे, साधी टक्केवारी न जुळणे, अनोळखी फोनवर पटकन विश्वास बसणे, पूर्वी कधी नसलेला धाडसीपणा अशा गोष्टी एकत्र दिसू लागल्या, तर डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. कधी थायरॉइडचा विकार, ब जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणामही यामागे असतो आणि त्यावर उपाय असतात.

ज्येष्ठ वाचकांनी काय करावे?

*कोऱ्या कागदाचा प्रश्न विचारा.* ‘आज माझ्याकडे हा शेअर नसता आणि तेवढीच रोख रक्कम हातात असती, तर मी आज हाच शेअर घेतला असता का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर आणखी घेण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि असलेला का ठेवायचा याचाही विचार व्हावा.

*कारण लिहून ठेवा.* खरेदीपूर्वी दोन ओळी लिहाव्यात: ही कंपनी पैसे कशातून मिळवते आणि मी ती का घेत आहे. ‘भाव फार उतरला आहे’ हे एकच कारण सुचत असेल, तर वही मिटावी.

*आठ दिवस थांबा.* पडत्या शेअरमध्ये पैसे घालण्याची ऊर्मी आली, की आठ दिवस जाऊ द्यावेत. चांगली कंपनी आठ दिवसांत नाहीशी होत नाही. ऊर्मी मात्र बहुधा ओसरते.

*उपचारांचे पैसे वेगळे ठेवा.* येत्या पाच वर्षांत लागणारी रक्कम (घरखर्च, औषधे, ठरलेली शस्त्रक्रिया, आरोग्यविम्याचे हप्ते) शेअरमध्ये नसावी. मुदत ठेव, टपाल खात्याच्या योजना, साठ वर्षांवरील व्यक्तींसाठीची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही तिची जागा. शेअरसाठी ठेव मोडू नये, दागिने गहाण टाकू नयेत, उसने घेऊ नये.

*तोटा मान्य करण्याचे मोल जाणा.* तोट्यात विकणे म्हणजे पराभव नव्हे. दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो. त्या वर्षी तसा नफा नसेल आणि विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर हा तोटा पुढील आठ वर्षे वापरता येतो. आपल्या कर सल्लागाराला याबद्दल जरूर विचारावे. उरलेली रक्कम सुरक्षित जागी गेली, की ती निदान आपल्या उपयोगाला येते.

*सल्ला देणारा कोण, ते पाहा.* गुंतवणूक सल्लागाराची सेबीकडील नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात येणारी ‘खात्रीची’ नावे अनेकदा स्वतःचे शेअर खपवू पाहणाऱ्यांची असतात. फसवणूक होऊन पैसे गेले, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरच्यांनी काय करावे?

घरातल्या वडीलधाऱ्यांचा तोटा उघडकीस येतो तो बहुधा उशिरा आणि योगायोगाने. त्या पहिल्या पाच मिनिटांत आपण काय बोलतो, यावर पुढे ते आपल्याला काही सांगतील की नाही, हे ठरते. ‘बाबा, तुम्हाला कोणी सांगितले होते या उद्योगाला?’ हे वाक्य जिभेवर येतेच, ते गिळावे. त्याऐवजी म्हणावे, ‘बाबा, बरे झाले सांगितलेत. आपण दोघे बसून कागद पाहू.’ आईने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावावर काही केले असेल, तर ‘आई, तुला यातले काय कळते?’ हा प्रश्न तिला तोट्यापेक्षा अधिक लागतो. ‘तू हे का निवडलेस, मला समजावून सांग ना,’ असे विचारले, तर सांगता सांगता तिलाच अनेक गोष्टी उमगतात.

मोबाइल काढून घेणे, परस्पर खाते बंद करणे हे उपाय टाळावेत. पैसे त्यांचे आहेत आणि निर्णयाचा अधिकारही त्यांचा आहे. त्यांच्या संमतीने काही गोष्टी कराव्यात: सर्व खात्यांची एका पानावर यादी, प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन, महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून हिशेब पाहणे. शेअरची आवड असेल, तर गेली तरी घरखर्चाला झळ लागणार नाही अशी छोटी रक्कम बाजूला काढून द्यावी. पुष्कळांना हवी असते ती बुद्धीला चालना. ती हिशेब लिहिण्याने, नातवाला व्याजाचे गणित शिकवण्यानेही मिळते.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तोट्यानंतर घरातील ज्येष्ठ अबोल झाले, जेवण कमी झाले, ‘आता मी कुटुंबावर ओझे आहे’ अशी भाषा ऐकू आली, तर ती दुर्लक्षू नये. त्यांना एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय साहाय्य सेवेचा १४५६७. दोन्ही क्रमांक दूरध्वनीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

वाचकहो, बाजारात गेलेले सगळेच पैसे परत मिळवता येत नाहीत, आणि ते मिळवण्याच्या नादात उरलेले घालवणे हे त्याहून मोठे नुकसान. तरुणाजवळ चूक भरून काढायला तीस वर्षे असतात. आपल्याजवळ असलेला वेळ मोजका आहे. तो सव्वानऊ ते साडेतीन पडद्याकडे पाहत घालवावा इतका स्वस्त नाही. या आठवड्यात एवढे करा: डीमॅट खात्याची यादी छापून घ्या, घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला शेजारी बसवा आणि प्रत्येक नावापुढे कोऱ्या कागदाचा तो प्रश्न विचारा. जेथे उत्तर ‘नाही’ येईल, तेथे निदान नवा रुपया तरी घालू नका. त्या रात्री झोप पूर्वीपेक्षा थोडी बरी लागेल.